चाबी कोणापाशी?

ओवी, तुझ्या शाळेने वस्तीत वाचनालय काढलं, त्याचा फोटो मिळाला. फीत कापणाऱ्या बाई, टाळ्या वाजवणारी मुलं, दुसऱ्या रांगेत तू आणि कडेला जांभई देणारा कबीर. फोटो छानच आहे. मी तो छापून आणला आणि खिडकीच्या काचेला लावून पाहिला, तेव्हा नजर आधी गेली ती मागच्या पुस्तकांच्या कपाटावर. त्याला कुलूप होतं.

फोटो असा उजेडाला धरून कडेकडून आत पाहायची सवय मूळची माझी नाही. ती श्रावण ढोके यांची. तुम्ही दोघं त्यांना भेटला आहात, पण तुमचे आईबाबा ॲन आर्बर सोडून पुण्याला गेले तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि कबीर रांगत होता, त्यामुळे आठवण असायचं कारण नाही. म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे.

इथे अमेरिकेत आम्हा मराठी मंडळींचं एक छोटं मंडळ आहे. वर्षातून दोनदा जेवणाचा कार्यक्रम करतो, त्यातून जे जमतं ते महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या लहान कामांना पाठवतो. कुठे शिलाई मशीन, कुठे शेळ्या, कुठे अभ्यासिका. विद्यापीठाच्या लायब्ररीतून निवृत्त झाल्यावर मी मंडळाची सचिव झाले आणि निवृत्त लायब्रेरियन जे करील तेच केलं. अर्जाचा एक फॉर्म तयार केला. अकरा पानं, इंग्रजीत, शेवटी परिशिष्ट.

ढोक्यांना मंडळात आणलं निखिलने. निखिल पुण्याचा, इथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. हिवाळ्यात सायकलवरून घसरला, हॉस्पिटलात मनगटाचा एक्स-रे काढताना ‘आई गं’ म्हणाला, तर मशीनच्या मागून आवाज आला, “कुठले आपण?” एक्स-रे काढणारे ढोके होते. भंडारा जिल्ह्यातले. बायको प्रमिला नर्स, ती आधी इथे आली, हे तिच्या मागून. तिकडचा या कामाचा अनुभव इथे कोणी धरेना, म्हणून पन्नाशीला आलेला माणूस पोरांच्या बरोबरीने वर्गात बसून पुन्हा परीक्षा देऊन टेक्निशियन झाला. हे सगळं मला प्रमिलाताईंकडून कळलं. स्वतःबद्दल ते फार बोलत नसत. दुसऱ्याबद्दल मात्र त्यांना सगळं हवं असे.

पहिल्या मीटिंगला ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. हॉस्पिटलचा बिल्ला छातीवर तसाच होता. सोबत एक डबा, त्यात सांबारवड्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे निम्म्या मंडळाला त्या दिवशी कळलं. वड्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. मी त्यांना माझा फॉर्म दिला. त्यांनी तो पहिल्या पानापासून अकराव्यापर्यंत वाचला. चहा झाला, विषयपत्रिकेतले तीन विषय झाले, तरी वाचत होते.

मग म्हणाले, “ताई, हा कोण भरते?”

“ज्यांना मदत हवी ते.”

“म्हणजे जिला शिलाई मशीन पाहिजे ती बाई?”

“हो.”

“ती जर हा भरू शकत असेल तर तिला मशीन नका देऊ. नोकरी द्या.”

सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं होतं. त्यांनी फॉर्मची व्यवस्थित घडी घालून परत केला आणि म्हणाले, “मी फोन करून विचारू का? तुम्ही लिहून घ्या.”

तेव्हापासून तसंच सुरू झालं. दर शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ झालेली असे, ढोके फोनवर आणि मी वही घेऊन समोर. फोनची सुरुवात ‘जय भीम’ने, मग पावसापाण्याची चौकशी, आणि मग त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न, “आज सकाळपासून काय काय केलं ते सांगा.” कामाबद्दल, गरजेबद्दल, पैशाबद्दल एक अक्षर नाही. बाई सांगत जायची. उठले, पाणी आणलं, भाकरी टाकल्या, वावरात गेले. अर्ध्या तासात तिच्या दिवसाचा नकाशा माझ्या वहीत उमटलेला असे आणि शिलाई मशीन त्यात कुठे बसेल, की बसणारच नाही, हे आम्हा दोघांनाही दिसे.

त्यांचा शेवटचा प्रश्नही ठरलेला होता. मशीन असो, अभ्यासिका असो, पाण्याचा पंप असो, विचारत, “चाबी कोणापाशी राहणार?”

मीटिंगमध्ये हा प्रश्न थट्टेचा विषय झाला होता. एकदा शेळ्यांचा प्रस्ताव आला तेव्हा आमचे अध्यक्ष जयंतराव म्हणाले, “ढोके, शेळीला चाबी नसते हो.”

“शेळीला नसते, गोठ्याला असते,” ढोके म्हणाले.

वाद चढला, आवाज वाढले, की ते एक्स-रे काढताना पेशंटला सांगतात त्याच सुरात म्हणत, “श्वास घ्या. धरा. सोडा.” आणि गंमत अशी की लोक खरंच श्वास घेत. जयंतरावांसारखा माणूससुद्धा.

फोटोंचं सांगते. आमचा नियम होता की मदत मिळालेल्या गटाने दर तीन महिन्यांनी फोटो पाठवायचा. मी ते तारखेप्रमाणे फाइलला लावायची. ढोक्यांनी एक दिवस फाइल मागितली, खिडकीपाशी गेले आणि एकेक फोटो काचेला लावून पाहू लागले. माणसांचे चेहरे मधोमध असतात, तिकडे ते पाहतच नव्हते. कडा, कोपरे, जमीन.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“मोडलेलं हाड मधात थोडीच राहते, ताई.” मग एक फोटो माझ्यापुढे धरला. “सहा मशिनी. दोरा किती मशिनींत आहे?”

एकाही मशीनमध्ये नव्हता. शनिवारी फोन केला तर उलगडा झाला. ते भाताच्या रोवणीचे दिवस होते. बायका रोवणीला गेलेल्या, तिथून त्यांना फोटोसाठी बोलावून आणलं होतं, अंगावर ठेवणीतल्या साड्या. त्या दिवसाची मजुरी बुडाली. मदत आमची, आणि तिच्या पावतीसाठी बुडालेला रोज त्यांचा. तो नियम मी केला होता, मीच काढून टाकला.

चाबीचं मात्र मला कोडंच होतं. एकदा मीटिंगनंतर त्यांना गाडीने घरी सोडत होते, तेव्हा सरळ विचारलं. गाडी सिग्नलला थांबली होती.

“आमच्या शाळेत सुकडी यायची,” ते म्हणाले. “दुष्काळाच्या वर्षी. पिवळी, गोडसर पूड, पोरांना खायला. पोतं अमेरिकेचं. त्याच्यावर दोन हात छापलेले असत, हातात हात धरलेले. मी मास्तरांना विचारलं, हे हात कोणाचे? ते म्हणाले, एक देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. मी घरी जाऊन किती दिवस माझा हात पाहत होतो. म्हटलं, यातला आपला कोणता असेल?”

“मग?”

“मग काय. पोती खोलीत, खोलीला कुलूप, चाबी सरपंचापाशी. सरपंच भंडाऱ्याला गेला की सुकडी बंद. त्याच्या पोरीचं लग्न निघालं, पंधरा दिवस बंद. उघडली तरी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना शेवटी बोलावत. कधी मिळे, कधी नुसता वास. इतक्या लांबून आलं होतं, ताई. समुद्र ओलांडून. शेवटचा उंबरठा तेवढा नाही ओलांडता आला.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता सुमनबाईंची गोष्ट. भंडारा जिल्ह्यात मोठमोठे जुने तलाव आहेत आणि काठाला ढिवर समाजाची वस्ती. पुरुष मासे धरतात, बायका विकतात. अशा एका गावातल्या बायकांच्या गटाने आमच्याकडे मागणी केली होती. आठ बर्फाचे डबे आणि मासळी निवडायला एक ओटा. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की मासळी खूप निघते, आणि नेमकी तेव्हाच ती दुपारपर्यंत नासते. त्यामुळे व्यापारी सांगेल त्या भावाला द्यावी लागते. बर्फ असेल तर संध्याकाळच्या बाजारापर्यंत थांबता येईल. डबे उन्हाळ्याआधी पोचले पाहिजेत, एवढंच गटाची म्होरकी सुमनबाई पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्याच वेळी एका मोठ्या अमेरिकन फाउंडेशनकडून आम्हाला विचारणा झाली. मंडळाने चांगला प्रकल्प सुचवला तर ते आमच्या कितीतरी पट पैसे घालायला तयार होते. अट एकच, गावात काहीतरी कायमचं उभं राहिलं पाहिजे. आठ डबे कायमचे कसे म्हणणार? मी प्रस्ताव लिहिला, ‘मत्स्य प्रक्रिया आणि प्रशिक्षण केंद्र’. सुरेख लिहिला होता. परदेशातून पैसे घ्यायला तिकडे सरकारी परवानगी लागते, ती सुमनबाईंच्या गटाकडे कुठून असणार, म्हणून तालुक्याच्या गावची एक संस्था मध्ये घेतली. सगळं नियमाप्रमाणे.

शनिवारी पब्लिक लायब्ररीच्या खोलीत आम्ही सगळे स्क्रीनसमोर बसलो. पलीकडे पुढे संस्थेचे सचिव, मागे सतरंजीवर बायका. सगळं बोलून झाल्यावर ढोके पुढे सरकले.

“सचिव साहेब, चाबी कोणापाशी राहणार?”

“संस्थेकडे, सर. सुरक्षिततेच्या दृष्टीने.”

“बरं. सुमनबाई, मासळी किती वाजता निघते?”

“पहाटे पाचले, भाऊ.”

“आणि साहेब गावात किती वाजता येतात?”

मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सुमनबाई म्हणाली, “साहेब येतेत साडेअकराले. एसटी त्याच टायमाची आहे.”

“मग कसं करायचं?”

“कसं म्हंजे? आमी खोली नाही मांगली, भाऊ. डबे मांगले. आन् एक ओटा.”

व्हिडिओ कॉल संपला. निखिल म्हणाला, “काका, असा चान्स परत नाही येणार. स्केल करू या ना. डबे पण आहेत की त्यात.”

“कधी?”

“फेज टूमध्ये.”

“उन्हाळा थांबीन का बापा, फेज टूसाठी?”

जयंतराव कंटाळून म्हणाले, “ढोके, तुम्ही प्रत्येक वेळी तेच विचारता.”

“हो. उत्तर पण प्रत्येक वेळी तेच येते.”

मतं घेतली. इमारतीच्या विरोधात दोन हात वर झाले. एक ढोक्यांचा आणि एक निखिलच्या बायकोचा, मनालीचा, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती. निखिल तिच्याकडे पाहतच राहिला. माझा हात इमारतीच्या बाजूने होता. हे तुम्हाला माहीत असावं.

ढोके चिडले नाहीत. डबा उघडून त्यांनी सगळ्यांना वड्या वाटल्या. फक्त त्या दिवशी स्वतः खाल्ली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी संस्थेकडून फोटो आला. पांढरी इमारत, सागाचा दरवाजा, वर इंग्रजी पाटी, पाटीवर आमच्या मंडळाचं नाव. पुढे ठेवणीतल्या साड्यांत बायका. जयंतरावांनी तो सगळ्यांना पाठवला. मी छापील प्रत ढोक्यांना दिली. त्यांनी ती काचेला लावली.

“कुलूप नवं आहे,” मग म्हणाले. “आणि पायरी पाहा. पायरीला चिखल नाही. मासळीच्या गावात पायरीला चिखल नाही म्हणजे?”

“कोणी आत-बाहेर करत नाही.”

“इकडे कडेला पाहा.”

डाव्या कडेला, भिंतीच्या पलीकडे, अर्धवट कापलेलं एक निळं प्लास्टिक दिसत होतं. त्याखाली टोपल्या. आणि उन्हात पोत्यावर पसरलेली मासळी.

‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकायला तयार होते. ते आलं नाही. त्यांनी हॉस्पिटलातून तीन आठवड्यांची रजा काढली, स्वतःच्या खर्चाने तिकीट घेतलं आणि एप्रिलच्या उन्हात तिकडे गेले. प्रमिलाताई मला फोनवर म्हणाल्या, “मी म्हटलं, काहून जाता, तुम्ही तर हरले ना? तर म्हणतात, मी हरलो, पण मासळी तर रोज निघते.”

परत आले ते एकच फोटो घेऊन. मीटिंग सुरू व्हायच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी आपोआप खिडकीकडे गेले.

इमारत तीच, पाटी तीच. दरवाजा नव्हता. चौकट मोकळी, आत अंधार. आणि अंगणात विटांच्या चार थप्प्यांवर तोच सागाचा दरवाजा आडवा घातलेला, त्यावर मासळीचा ढीग आणि भोवती कामातल्या साड्यांत उभ्या बायका, कोपरापर्यंत हात ओले. कॅमेऱ्याकडे एकीचंही लक्ष नाही.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“मी काहीच नाही केलं. फक्त विचारलं, दरवाजा कसा आहे? सुमनबाई म्हणाली, चांगला आहे, सागाचा. मी म्हटलं, मग उभा काहून ठेवला?” त्यांना हसू आवरेना. “साडेअकराच्या एसटीने साहेब आले. पाहिलं. म्हणाले, आता चोरी होईल. ती म्हणाली, काय चोरतीन साहेब, आत काही आहे कुठं?”

पण तो उन्हाळा तर गेलाच होता. डबे नव्हतेच. त्या मीटिंगमध्ये जयंतरावांनीच प्रस्ताव मांडला, की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी आठ डबे पाठवावेत. या वेळी हात मोजावे लागले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात सुमनबाईंची मासळी संध्याकाळच्या बाजाराला गेली. त्याचा फोटो आला नाही, आम्ही मागितला नव्हता. फोन आला.

राहिला प्रश्न फाउंडेशनच्या अहवालाचा. निखिल म्हणाला, “काकू, हा फोटो पाठवायचा? बिना दरवाजाचा?” मी हाच पाठवला. आठवड्याने तिथल्या बाईंचं एका ओळीचं पत्र आलं, टेबल फार आवडलं, कोणी बनवलं? मी खरं ते कळवलं. सुमनबाई आणि त्यांच्या गटाने.

दरवाजाचं कुलूप बायकांनी एका सायकलीला लावलं. त्याच्या दोन चाब्यांपैकी एक सुमनबाईने ढोक्यांच्या हातात दिली. म्हणाली, “तुमी सारखं चाबीचंच इचारता. आता एक तुमच्याच पाशी राहू द्या.” ती चाबी ढोके आपल्या घराच्या किल्ल्यांबरोबर जुडग्यात ठेवत. कोणी विचारलं की अवघडून म्हणत, “चुकीच्या माणसापाशी आहे.”

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मुलगी दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला, तिला बाळ झालेलं. प्रमिलाताई पुढे गेल्या, ढोके घर आवरायला मागे राहिले. विमानतळावर मी सोडलं. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, “ताई, तुमच्या घराची चाबी कोणापाशी असते?”

“माझ्याकडे.”

“आणखी?”

“आणखी कोणाकडे कशाला? एकटीच तर राहते मी.”

“म्हणूनच विचारलं.”

मी म्हटलं, “माझ्याकडे फोन असतो, ढोके.”

“फोन दार उघडते का?”

मला राग आला होता. तुमचे आजोबा गेल्यापासून असले प्रश्न मला आवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मी दुसरी किल्ली करून आणली आणि शेजारच्या डोरोथीला दिली. तुमच्या बाबाला सांगून ठेवा, तो दर रविवारी आडून आडून तेच विचारत असतो. आणि ओवी, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि वाचनालय किती वाजता उघडतं, एवढं मला कळव. बाईंना विचारू नकोस. वस्तीतल्या मुलांना विचार.

विमानतळावर मी दोरीपाशी थांबले. तपासणीच्या रांगेत त्यांनी जोडे काढले, बेल्ट काढला, खिशातलं जुडगं ट्रेमध्ये टाकलं. घर विकलेलं, गाडी दिलेली, त्यामुळे त्यात आता एकच किल्ली होती, सुमनबाईने दिलेली. ट्रेशी उभ्या असलेल्या माणसाने ती उचलून काहीतरी विचारलं. एकच किल्ली असलेलं जुडगं, बहुधा थट्टाच केली असेल. इतक्या लांबून मला ऐकू येत नव्हतं. ढोके अनवाणी उभे, मागे रांग खोळंबलेली, आणि ते त्याला काहीतरी समजावून सांगत होते. त्यांनी एक तळवा उभा धरला, मग सावकाश आडवा केला, आणि दुसऱ्या हाताने त्यावर काहीतरी ओतल्यासारखं केलं. तो माणूस आधी नुसता पाहत होता. मग मोठ्याने हसला, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, आणि ढोके पुढे गेले.